सासुरवाडीतला पहिला कार्यक्रम

"सामान मी घेऊ, की कसं?"

हमालाने विचारले आणि मास्तर क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून फलाटावर तसेच उभे राहिले. मागून येणारा ड्रमवाला त्यांच्यावर आदळला.

"काय झालं मास्तर? गाडीत काही राहिलं का?"

"नाही रे. चल तू पुढं."

ऑर्केस्ट्रात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. जन्मात त्यांनी कुणाला काही शिकवले नव्हते, पण चष्मा आणि इस्त्रीचा शर्ट पाहून कुणीतरी ते नाव चिकटवले आणि ते टिकले. गावोगाव फिरण्यात आयुष्य गेले, पण या भागात ते पहिल्यांदाच येत होते.

हमालाने जगावेगळे काही विचारले नव्हते. पण तो शेवटचा 'कसं' जरा लांबवून, सूर वर नेऊन मध्येच सोडून दिलेला. अगदी तिच्यासारखा. "चहा टाकू, की कसं?" "आज उशीर होणार, की कसं?" मास्तर बायकोची थट्टा करायचे, "तुझ्या प्रत्येक वाक्याला शेपूट आहे." त्यावर ती फणकाऱ्याने म्हणायची, "आमच्याकडं सगळे असंच बोलतात." मास्तरांना ते कधी खरे वाटले नाही. मागच्या वर्षी ती गेली, तेव्हा तो सूरही तिच्याबरोबर गेला असे त्यांनी धरले होते.

लॉजवरच्या बाईने विचारले, "गरम पाणी आत्ता हवंय, की कसं?" मास्तर म्हणाले, "हो." मग खोलीत जाऊन पलंगावर बसले, पुन्हा खाली आले आणि नको असलेल्या जादा चादरीची चौकशी केली. दुपारी बाकीचे जेवून आडवे झाले, तेव्हा ते बाजारात हिंडले. एका दुकानात त्यांनी उगाच शर्टाची बटणे दाखवायला सांगितली.

"पांढरी देऊ, की कसं?"

"द्या. आणि काळी आहेत का?"

"आहेत की. तीही बांधू, की कसं?"

खिशात बटणांच्या पुड्या घालून मास्तर बाहेर पडले, ते ओठांतल्या ओठांत हसत. मग हसू ओसरले. ती सांगायची त्याप्रमाणे पाण्याच्या टाकीमागे तिच्या भावाचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानावर माहेरचे घर. इथे यायचे ठरल्यापासून त्यांनी हा विषय मनातून बाजूला सारला होता. लग्न घरच्यांच्या मर्जीविरुद्ध झालेले. "वाजंत्र्याबरोबर गेलीस, आता या दारात यायचं नाही," असे तिच्या वडिलांनी सांगितले आणि तीही बापाचीच लेक, पुन्हा आली नाही. वडील गेले तरी कुणी पुढे होईना. ती गेल्याचे मास्तरांनी फोनवर कळवले, तेव्हा भावाने नुसते "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

टाकी दुरूनच दिसत होती. मास्तर दोनदा परत फिरले आणि दोनदा पुन्हा तिकडेच वळले.

दुकानात एक जाडजूड माणूस चाक फिरवून आरे तपासत होता. त्याने वर न बघता विचारले, "पंक्चर आहे, की कसं?"

"नाही."

"मग? ब्रेक?"

"ब्रेक... नाही. सायकलच नाही."

आता त्याने मान वर केली. तिचेच डोळे, फक्त मिशीच्या वर बसवलेले. मास्तरांनी सांगायचे बरेच ठरवले होते, तोंडातून एवढेच निघाले, "मी जावई. इथला."

चाक आपल्या गतीने फिरत राहिले. ते थांबले. मग मेहुणा चिंधीला हात पुसू लागला, बोटन्‌बोट, सावकाश.

"त्या दिवशी फोनवर," तो म्हणाला, "मला बोलताच आलं नाही."

"मलाही कुठं आलं?"

"आई वर आहे. पायऱ्या ओल्या आहेत, जपून जा. नाहीतर थांबा, मीच येतो."

सासूबाई खिडकीजवळ मटार सोलत बसल्या होत्या. लेकाने कानाशी वाकून सांगितले, तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी मास्तरांना आपादमस्तक न्याहाळले.

"इतकी वर्षं कुठं होतात?"

"तुमच्याकडून बोलावणं नव्हतं."

"घरची माणसं बोलावण्याची वाट बघतात होय?" त्यांचा आवाज चिरकला. "तिलाही हेच सांगा..." आणि मग, सांगायला ती आता नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

मास्तर खाली बसले, परातीतली एक शेंग उचलून सोलू लागले. सासूबाईंनी बघितले, पण अडवले नाही.

"शेवटी फार सोसलं का हो तिनं?"

खोटे बोलणे सोपे होते. "सोसलं," मास्तर म्हणाले. "पण हसायचीही."

"कशाला हसायची?"

"मला. मी केलेल्या भाकरीला. म्हणायची, नकाशा काढलाय, की पोट भरायचंय?"

सासूबाईंना एकदम हसू फुटले. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मेहुणा खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

मास्तर निघाले तेव्हा सासूबाईंनी विचारले, "संध्याकाळी वाजवणार ना तुम्ही? मी येते. वाजंत्री काय वाजवतो ते तरी बघू."

"आई, दोन तास बसवेल का तुला?" मेहुणा म्हणाला.

"जावयाचा कार्यक्रम आहे. बसवेल."

मास्तरांनी मॅनेजरच्या मागे लागून पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या. उभ्या आयुष्यात कुणासाठी खुर्ची मागायची त्यांची ही पहिलीच वेळ. "कोण येतंय एवढं?" मॅनेजरने विचारले. "आमच्या घरचे," मास्तर म्हणाले, आणि ते शब्द कानाला कसे लागतात ते बघायला पुन्हा एकदा म्हणाले.

पडदा उघडला तेव्हा सासूबाई ठेवणीतले पातळ नेसून ताठ बसल्या होत्या. शेजारी मेहुणा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. गाणी रंगत गेली. मध्यंतरानंतरच्या गाण्यात दोन कडव्यांमध्ये क्लॅरिनेटचा एक तुकडा होता, सगळ्या वाद्यांच्या वर चढणारा. मास्तरांच्या वाट्याला अख्ख्या कार्यक्रमात उभे राहून वाजवायचे एवढेच यायचे. ते उभे राहिले, वाद्य ओठांना लावले आणि समोर बघितले.

सासूबाईंना झोप लागली होती. मान लेकाच्या खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडे, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. बायको म्हातारी झाली असती तर अशीच दिसली असती.

मेहुणा ओशाळला. आईला हलवायला त्याने हात पुढे केला. मास्तरांनी वाद्य ओठांत असतानाच मान हलवली, नको. त्याचा हात थांबला.

मग तो तुकडा मास्तरांनी खालच्या सप्तकात, अगदी हलक्या फुंकेने वाजवायला घेतला. ड्रमवाल्याने चमकून त्यांच्याकडे बघितले, समोर बघितले, आणि काठ्या खाली ठेवून नुसत्या बोटांनी ठेका धरला.