डॉक्टरांच्या पेटीतली काचेची पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी पिचकारी आहे. शिमग्याची नव्हे हो! मी काचेची, विलायतेत घडलेली. अठराशे नव्वदच्या सुमारास बोटीने आले आणि ठाण्याच्या सिल्वेस्टर डॉक्टरांच्या पेटीत विसावले.

माझं काम मोठं नाजूक. एखाद्या जोडप्याला मूल होत नसलं, तर नवऱ्याचं ताजं बीज मी अलगद ओढून घ्यायचे आणि डॉक्टर ते बायकोच्या गर्भाशयात सोडायचे. कापाकापी नाही, जादूटोणा तर नाहीच. फक्त मी उकळून स्वच्छ केलेली आणि कोमट हवी. दरवेळी यश येईच असं नाही, पण दोघींची कूस माझ्यामुळे उजवली. तेव्हा डॉक्टर मला मखमलीत ठेवत. केवढा तोरा होता माझा!

मग मला खाडीकाठी काळुरामच्या घरी नेलं. त्याचं मिठागर होतं. बायको आवडाबाई, माहेर खडवलीचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी पाळणा हलला नव्हता. सासू ठमाबाईने बजावलं होतं, "तीन डाव करा. नाय जमलं, तर हिला माहेरी धाडीन नि दुसरी सून आनीन."

दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टर मला उकळून, फडक्यावर ठेवून, बीज मिळेपर्यंत ओटीवर जाऊन बसले. तेवढ्यात ठमाबाई मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आपल्या आगरातलं मीठ हाय. दिष्ट निघंल, पोर ठरंल," म्हणत तिने मला आतून-बाहेरून खळखळून धुतलं. मागच्या दोन्ही वेळी तिने हेच केलं होतं! आणि मला हातात धरून कोण उभं होतं? काळुराम. आई मायेने करतेय, असं त्याला वाटलं. अहो, पण तेवढ्या खाऱ्या पाण्यात बीज जगतं का?

काम झाल्यावर डॉक्टरांना माझ्या तोंडाशी मिठाचा पांढरा थर दिसला. ते संतापले. "ही कोणी धुतली? अरे, मिठाने बीज मरतं! खरं सांगा. मग दोष आवडाबाईचा नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा करू."

"आमी कशाला हात लावू?" ठमाबाई म्हणाली.

आतून आवडाबाईचा आवाज आला, "अवो, तुमी तर तिथंच होता. सांगा ना!"

काळुरामने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी नाय बघितलं."

मित्रांनो, केसाने गळा कापला हो त्याने! माझाही आणि तिचाही. डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण त्या घरात त्यांचं कोण ऐकतो? पंधरवड्यात तिसरी खेपही फुकट गेल्याचं कळलं आणि बैलगाडी जुंपली. गाडीत चढताना आवडाबाईने एवढंच विचारलं, "नऊ वर्सांत मी तुमच्याशी कदी खोटं बोलले का वो?" तो जुवाच्या दोऱ्या आवळत राहिला.

मला पाहिलं की डॉक्टरांना आवडाबाई आठवायची; त्यांनीही मला मग पेटीच्या तळाशी टाकलं. मला राग आहे, अजून आहे.

म्हणून सांगते. माझ्यासारखीला साध्या पाण्यात उकळा, नीट पुसा, जपा. आणि चूक झालीच, तर झाली म्हणा. मी काच आहे, मला बोलता आलं नाही. त्याला येत होतं.