कोठीतली दिव्यदृष्टी

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली राणीसावरगावाजवळच्या एका वाडीत, आडासमोरच्या रिकाम्या कोठीत, देवाने मुक्काम ठोकला होता. निदान नेत्रानंद महाराजांचे तसे म्हणणे होते. गंगाखेडच्या एसटीतून उतरलेली माणसे कोठीपुढे रांग धरत. पाच-पाच जणांना आत घेतले जाई, पत्र्याचे दार लागे आणि महाराज सांगत, "डोळे मिटा. एकशे आठ वेळा नाव घ्या. घाई करणाराला देव दिसत न्हाई."

डोळे उघडले की पांढऱ्या भिंतीवर बाहेरचा आड अवतरे. पाणी शेंदणाऱ्या बाया, बैल, हिरवी-लाल लुगडी, सगळे हलते-चालते. फक्त डोके खाली आणि पाय वर.

"उलटं कामून दिसायलंय, महाराज?"

"तुमी उलटे वागायलात म्हणून. देवाला सुलटंच दिसतंय."

भक्त ओशाळून बाहेर पडत.

महाराजांनी वर्षभर गावावर अशी नजर ठेवली. कुणाची सून कितीदा पाण्याला आली, कोण कुणाशी हसले, हे सारे देवदरबारी रुजू होई. विश्वाचा पसारा सांभाळून देवाला एवढी सवड मिळते, याचे शाळेतल्या सत्यशीलाबाईंना फार कौतुक वाटे. त्या बौद्धवाड्यात सरजाबाईंकडे भाड्याने राहत. त्यांच्या ध्यानात आले, की देवाला आडापलीकडचे काहीच दिसत नाही. आषाढात आभाळ भरून आले तेव्हा महाराजांनी जाहीर केले, "चातुर्मास लागला, देव झोपले." भाद्रपदात चार दिवस उघडीप पडली आणि देव मुदतीआधीच जागे झाले.

जागे होताच त्यांनी वाडीतल्या मनकर्णा नावाच्या सुनेला पाहिले. ती आपल्या पोहऱ्यातून सरजाबाईंच्या घागरीत पाणी ओतत होती.

"आड बाटला," महाराज म्हणाले. "सून माहेरी धाडा, न्हाईतर आड आटल."

सासूने, बायनाबाईंनी, गाठोडे बांधले. दुपारच्या एसटीने मनकर्णा जाणार होती. परत आणण्याची गोष्ट कुणीच काढत नव्हते.

एसटीच्या आधी सत्यशीलाबाई बायनाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "मावशी, सून धाडण्याआधी एकदा देवाला विचारून घ्या. मी कोठीपर्यंत येते."

"तुमी आत यायच्या न्हाईत?"

"मी बाहेरूनच दर्शन घेईन."

आत बायनाबाईंचा जप संपला, भिंतीवर आड उमटला आणि एकाएकी काळोख झाला. पुन्हा आड. पुन्हा काळोख.

"देवाची पापणी लवायलीय," महाराज घाईने म्हणाले.

"पापणी नाही, मावशी," दारामागून आवाज आला. "माझा अंगठा आहे."

दाराच्या पत्र्याला खिळ्याएवढे भोक होते.

सत्यशीलाबाईंनी सासू-सुनांना गाठोड्यासकट शाळेत नेले, खिडक्यांना गोणपाट लावले आणि दाराला पुठ्ठा लावून त्याला भोक पाडले. थोड्या वेळाने भिंतीवर अंगणातला झेंड्याचा खांब उलटा लटकला.

"प्रकाश सरळ रेषेत जातो. वरून येणारा किरण भोकातून खाली पडतो, खालचा वर जातो. म्हणून उलटं दिसतं. जप असतो तो डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. आभाळ आलं की उजेड कमी, मग देव झोपतात."

बायनाबाईंनी उठून भोकावर आपला अंगठा ठेवून पाहिला. "पण पाणी तर दिलंच की हिनं."

"दिलं," मनकर्णा म्हणाली. "मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. कालपरवापासून न्हाई, आत्याबाई, आखाडापासून रोज द्यायलेय. सरजाबाई तासन्‌तास उभ्या ऱ्हात्यात, त्यांच्यासाठी कुणी पोहरा सोडत न्हाई. तवा देव झोपले व्हते."

"ते पाणी मीही प्याले," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या. "आडाला किती पाणी आहे, मावशी?"

बायनाबाई नाइलाजाने म्हणाल्या, "वरपर्यंत भरलाय."

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मनकर्णाने गाठोडे डोक्यावर घेतले. बायनाबाईंनी सुनेच्या डोक्यावरचे गाठोडे उतरवून आपल्या काखेत घेतले. "चल. भाकरी टाकायच्यात."

महाराज मात्र त्याच एसटीने अंतर्धान पावले. कंडक्टरला दिव्यदृष्टी नसल्यामुळे त्यांना तिकीट काढावे लागले.

त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. ते देवाचे आहे, हे खोटे होते. आणि तहानलेल्याला पाणी देणे हे पाप, हे तर त्याहून खोटे. असा चमत्कार आपल्या गावी आला, तर हात जरूर जोडावेत. पण त्याआधी, कुठे भोक आहे का ते शोधून, त्यावर एकदा अंगठा ठेवून पाहावा.