दुसऱ्या पेरावरची रेघ

स्वरूपाताईंनी कोरा कागद टेबलावर सरकवला.

“डावा हात ठेवा यावर. बोटं पसरून. लहान पोरं काढतात ना, तसं चित्र काढू.”

रोहिदास ओशाळून हसला. “माझी पोरगी पहिलीत हाय मॅडम. ती असलंच काढती.”

“मग तिला विचारू कुणाचं बरं जमलंय.”

त्यांनी बोटांभोवती सावकाश पेन्सिल फिरवली. चाकणच्या या कारखान्यातला दवाखाना म्हणजे एक खाट, एक टेबल आणि भिंतीपलीकडून येणारा, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धप्प आवाज. मनातलं ओझं शरीरात कुठे उतरतं, हे शोधण्यात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या ताईंची अठ्ठावीस वर्षं गेली होती. सकाळी फॉर्म देताना दिग्विजय, इथला तरुण अधिकारी, म्हणाला होता, “रोहिदासच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. डावा हात बधिर झालाय म्हणतो, पण मोबाइल त्याच हातात बरोबर धरतो. खरं की नाटक, एवढंच लिहा मॅडम. नाटक असेल तर सोमवारपासून घरी.”

“आता जिथे बधिर वाटतं, तेवढंच रंगवा.”

रोहिदासने मधलं बोट रंगवलं, मग त्याच्या शेजारचं. दोन्ही बोटांवर पेन्सिल टोकाकडून खाली येत दुसऱ्या पेरापाशी थांबली. पट्टीने आखावी तशी सरळ रेघ उमटली.

ताई कागदाकडे पाहत राहिल्या. नस दुखावली तर बधिरपणा असा सरळ रेघेवर थांबत नाही. वर्गात फळ्यावर हात काढून त्यांनी हे कितीदा शिकवलं होतं.

“इथून पुढे बोटं नसलेलं कुणी ओळखीचं आहे?”

भिंतीपलीकडे चार-पाच धप्प झाले.

“ज्ञानेश,” तो म्हणाला. “माझ्यानंतरच्या पाळीचा. त्याच प्रेसवर.”

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच तो खाली येतो. तसं टार्गेट होत न्हाई, म्हणून डावं बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवायचं. सगळेच ठेवतात. त्या दिवशी घाईत माझी पट्टी काढायची राहिली, अन् त्याचा हात आत असतानाच प्रेस खाली आला.” त्याने हात कागदावरून उचलून मांडीवर घेतला. “चौकशीत पट्टी त्याचीच ठरली. त्याला बी तसंच वाटतं. म्हणतो, मीच लावली असंल, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.”

“आणखी कुणाला सांगितलंत?”

“सांगितलं तर नोकरी जाती. न्हाई सांगितलं तर हात असा.”

ताईंनी फॉर्म ओढला. ‘त्रास खरा आहे. पुढच्या तपासणीपर्यंत प्रेसवर काम देऊ नये.’ कारणाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला आणि चित्राचा कागद त्याच्याकडे वळवला.

“हा तुमचा. फाइलला लागणार नाही. इथलं बोलणं इथेच राहील.”

“हात नीट होईल का?”

“ठाऊक नाही.” अठ्ठावीस वर्षांत हे उत्तर त्यांना सोपं झालं नव्हतं.

रोहिदासने कागदाची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि वरून चाचपून पाहिली. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“पोरीला न्हाई दाखवत हे.”

“बरं.”

“ज्ञानेश दिघीला राहतो. इथून सरळ बस हाय का?”

“भोसरीला उतरून दुसरी घ्यावी लागेल.”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळी सुटायला अजून तीन तास होते. ताईंनी टेबलाच्या खणातून, आजाऱ्याला लवकर सोडायच्या गेटपासचं पुस्तक काढलं आणि त्याचं नाव लिहायला घेतलं.