शिल्पाची डबी पिवळीच

रेणापूरला तेजोमहाराजांच्या मठात बायांची रीघ लागली होती. प्रत्येकीच्या हातात काचेची डबी. पंधरा दिवसांपूर्वी महाराजांनी दिलेलं पिवळं मलम आता चांगलं तपकिरी झालं होतं.

"बघा! तोंडावरचे वांग, नजर, मागल्या जन्मीचं पाप, समदं डबीत उतरलं!" महाराज गरजले. "डॉक्टरला जमतंय का हे?" बायांनी हात जोडले.

मेडिकल दुकान चालवणारी लुंबिनी दाराशी उभी राहून नाक मुरडत होती. असलं मलम दुकानात बंद नळीत येतं, मग इथंच काचेच्या डबीत का? वर नेम असा, की रोज तोंडाला लावायचं आणि अकरा दिवस डबी गच्चीवर उन्हात उघडी ठेवायची. हा नेमच तिला खटकत होता.

तेवढ्यात तिची शेजारीण शिल्पा पुढं आली. बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांग आले होते, म्हणून सासू केवळाबाईंनी तिला इथं आणलेलं. तिनं डबी उघडली. मलम पिवळंच!

महाराजांनी डोळे मिटले. "हिनं पाप दडवलंय. म्हणून ते बाहेर येईना. पंधरा दिवसांनी हिला मठात आणून सोडा. अकरा दिवस एकटीनं राहावं लागंल."

"काय दडवलंस गं?" केवळाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. शिल्पाला रडू कोसळलं आणि लुंबिनीच्या अंगाची लाही झाली. एकटी बाई मठात कशाला हवी, हे तिला चांगलं कळत होतं.

संध्याकाळी तिनं शिल्पाला गाठलं. "डबी कुठं ठेवली होतीस?"

"ज्वारीच्या कोठीत, ताई. झाकण घट्ट लावून. लेकरू काहीबी तोंडात घालतंय. अन् गच्चीवर कुरडया घातल्यात, जागा कुठं हाय?"

दुसऱ्याच दिवशी लुंबिनीनं मठातून दोन डब्या आणल्या. मठामागच्या उकिरड्यावर तिला पिळलेल्या रिकाम्या नळ्याही सापडल्या. एक डबी तिनं आपल्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी उघडी ठेवली, दुसरी झाकण लावून कोठीत. मलम तोंडाला लावलं नाही, बोटालाही लागू दिलं नाही.

पंधरा दिवसांनी मठ पुन्हा भरला. केवळाबाई शिल्पाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लुंबिनीनं दोन्ही डब्या मधोमध ठेवल्या. एक तपकिरी, एक पिवळी.

"मावशींनो, ह्यातलं मलम कुणाच्याच तोंडाला लागलेलं न्हाई. मग हे पाप कुणाचं? माझ्या कुरडयांचं?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"तुझ्या अश्रद्धेनं ती डबी विटली!" महाराज ओरडले.

"मग दुसरी का विटली न्हाई? दोन्हींवर माझी सारखीच अश्रद्धा हाय!"

आता हशा पिकला. लुंबिनीनं उकिरड्यावरच्या रिकाम्या नळ्या सगळ्यांपुढं ओतल्या. "हे अ जीवनसत्त्वाचं मलम हाय. ऊन, हवा, गरमी लागली की ते खराब होतं, रंग पालटतो. म्हणून कारखानदार बंद नळीत भरतो, अन् महाराज मुद्दाम काचेत. तुमचं समद्यांचं मलम वाया गेलं. शिल्पाचं तेवढं अंधारात नीट राहिलं. वांगाला चामडीच्या डॉक्टरकडं जा. अन् कुणी चमत्कार दाखवला, तर आधी घरी दोन डब्या ठेवून बघा."

महाराज चपला शोधू लागले. केवळाबाई उठल्या, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि सुनेचा हात धरला.

"चल घरी, पोरी. डबी कुठं ठेवलीस, एवढंच इचारायचं होतं. मी तुला पाप इचारलं."