जयंतीला गेलेला सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. अंगाने पितळेचा, मानेने वाकडा आणि स्वभावाने थोडा गर्विष्ठ. माझं वय विचारू नका. मेरठच्या ज्या कारागिराने मला ठोकून घडवलं, त्याच्या नातवालाही आता चष्मा लागला असेल.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गेली. पुढे माझ्या पहिल्या मालकाला दम लागू लागला आणि त्याने मला कपाटात ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. अंगावर हिरवे डाग पडले, बोटांनी दाबायच्या किल्ल्यांखालच्या चामड्याच्या गाद्या उंदरांनी खाल्ल्या. तिथून मला बाहेर काढलं नागसेनने. त्याने मला दुरुस्त केलं, पुसलं आणि पुन्हा स्टुडिओत नेलं.

नागसेन बोलावलं की जाणारा वादक. काचेमागे उभं राहून कुणाच्या तरी गाण्यात दोन-चार जागा भरायच्या आणि घरी यायचं, हे त्याचं काम. गाणं गाजायचं, गाणाऱ्याचा फोटो झळकायचा, नागसेनचं नाव कुठेही नसायचं. मला त्याचं काही वाटत नसे. लोक "काय सॅक्सोफोन आहे!" म्हणत आणि मी फुगून बसे.

शेवटी त्याने स्वतःचा बँड काढला. ढोल-झांजांचा मोठा ड्रमसेट, बास गिटार, कीबोर्ड, गायला पायल आणि पुढे मी. आम्ही फंक आणि सोल वाजवतो. फंक ऐकलं की पाय आपोआप ताल धरतात आणि सोल ऐकलं की पोटातलं ओठावर येतं, असं पायल सांगते. शहरात दुसऱ्या ठोक्याला लोक नाचायला खुर्च्या सोडत. म्हणून मला वाटायचं, मला माणसं कळतात.

मग आम्ही नागसेनच्या गावी गेलो आणि मला काहीच कळेनासं झालं.

गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढचं. चौदा एप्रिलची, बाबासाहेबांची जयंती होती आणि मंडळाने डीजेऐवजी आम्हाला बोलावलं होतं. जालन्याला रेल्वेतून उतरून जीपने निघालो. नागसेनच्या वडिलांनी, संपत गुरुजींनी, त्याचं वाजवणं आजवर समोर बसून एकदाही ऐकलं नव्हतं. याही वेळी फोटोला हार घालून आपण घरी निघून येऊ, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यांनी एक गाणं तरी बसून ऐकावं, एवढ्यासाठीच नागसेन आला होता.

घरी गुरुजींनी सगळ्यांना माठातलं पाणी दिलं, ड्रमवाल्याला आग्रहाने दोनदा वाढलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी पेटीत, ओसरीवर उन्हात. थोड्या वेळाने तेच गुरुजी आले, पेटी उचलून सावलीत ठेवली आणि मान फिरवून गेले. राग आहे तर सावली कशाला? माया आहे तर मान का फिरवली? मी पितळेचं डोकं खाजवत राहिलो.

गुरुजी असं का वागतात, ते पायलने नागसेनच्या आईला, बेबीनंदाबाईंना, विचारलंच. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरी, याचा आजा सोनाजी लोकाच्या मांडवाबाहेर उन्हात हलगी वाजवायचा. नावानं कधी कुणी हाक मारली न्हाई त्याला. छप्पन साली दीक्षा घेतली आन् हलगी नदीत सोडून दिली. या घरातलं कोणी लोकासाठी वाजवणार न्हाई म्हणला. त्याचा शब्द हे पाळून राह्यले."

मला ते पटेना. वाजवणं इतकं गोड, तर ते नदीत का सोडायचं? मी तर कधी कुणाच्या मांडवाबाहेर उन्हात उभा राहिलो नव्हतो.

ऊन कलल्यावर विहारासमोर माणसं जमली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घातले गेले. त्यानंतर वंदना व्हायची, तशी रीतच आहे. पण वंदना घेणाऱ्या भंतेजींची गाडी वाटेत बंद पडली होती. तोवर बँडने एखादं गाणं घ्यावं, असं मंडळाच्या पोरांनी स्टेजवर येऊन हळूच सांगितलं. लोकांना कुणी काहीच सांगितलं नाही.

आमचं पहिलं गाणं माझ्या एकट्याच्या संथ सुरांनी सुरू होतं. नागसेनने जीभ लावून माझी रीड, म्हणजे तोंडाशी असलेली पातळ पट्टी, ओली केली आणि पहिला लांब सूर सोडला. तशी सगळी सभा उठून उभी राहिली. बायांनी पदर सारखे केले, हात जोडले, डोळे मिटले. यंदा वंदना या नव्या वाद्यावर आहे, असं त्यांना वाटलं. हे आम्हाला मागून कळलं. त्या वेळी मी पार गोंधळलो. ड्रमवाला काठ्या उगारून तसाच बसला. नाचायच्या ठिकाणी माणसं हात जोडतात, हे काय प्रकरण?

गुरुजी तेव्हा घराकडे निघाले होते. सगळे उभे राहिलेले दिसताच तेही वाटेत थांबले. वंदना चालू असताना कुणी चालत नाही. त्यांनी हात जोडले.

नागसेनने ते पाहिलं. सूर थांबला की वडील निघून जाणार, एवढं त्याला कळलं. मग तो थांबेना. पायल थांबायच्या खुणा करतेय, मी उतरत्या उन्हाने तापून सुरापेक्षा चढा बोलतोय, तरी हा एका सुरातून दुसऱ्यात जातोय. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. इतका जीव ओतून त्याने मला कधीच वाजवलं नव्हतं. अखेर दम संपला आणि मी गप्प झालो.

एकही टाळी पडली नाही. वंदनेनंतर टाळ्या कोण वाजवणार? नागसेनचा चेहरा उतरला. मलाही रडू येत होतं, पण आम्हा सॅक्सोफोनांना फुंकल्याशिवाय रडता येत नाही.

गुरुजी वळले, पण घराकडे नाही. काठी टेकत स्टेजवर चढले आणि माईक हातात घेतला.

"बसा. ही वंदना न्हाई. वंदना भंतेजी आल्यावर होईल. हे माझं पोरगं वाजवून राह्यलं." ते थोडं थांबले. "नागसेन नाव त्याचं. सोनाजीचा नातू."

मग ते नागसेनकडे वळले. "टीव्हीवर तुझी गाणी लागली की मी शेवटपर्यंत बघतो. तुझं नाव येतच न्हाई. माझ्या बापाचंबी कोणी घेतलं न्हाई. इथून पुढं नाव सांगून वाजव."

नागसेनने मान हलवली. गुरुजींनी ड्रमवाल्यापासून पायलपर्यंत एकेकाचं नाव आणि गाव विचारलं, माईकवर सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. भंतेजी आले, रीतसर वंदना झाली आणि मग आमचं फंक सुरू झालं. लोकांना ताल सापडायला वेळ लागला. टाळ्या भलत्याच ठिकाणी पडत होत्या. गुरुजींचा पाय तर अगदीच भलत्या ठिकाणी हलत होता, पण हलत होता.

मित्रांनो, मला माणसं कळतात, असं मी आता म्हणत नाही. पण एक विनंती करतो. आमच्यासारख्या वाद्यांना कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. तुमच्या दारी कुणी वाजवायला आलं, तर त्यालाही उन्हात ठेवू नका. आणि सूर आवडला तर "काय सॅक्सोफोन आहे!" म्हणू नका. मी पितळेचा पोकळ तुकडा. ज्याच्या श्वासावर मी बोलतो, त्याचं नाव विचारा.