जमिनीवर सापडलेली बाई

"दांडी सोड, पोरी. दांडी तिकीट घेणाऱ्यांची असते, तिकीट देणाऱ्यांची नाही."

आवाज एका जुन्या ड्रायव्हरचा. खडीवरून चाक गेल्यासारखा. त्या दिवशी पोरीने दांडी सोडली आणि पहिल्याच वळणावर ती एका कोंबड्यांच्या पाटीत जाऊन बसली. कोंबड्यांनी बराच आरडाओरडा केला, ड्रायव्हरने मात्र मागे वळूनही पाहिलं नाही. मग हळूहळू तिच्या पायांना अक्कल आली. गुडघे सैल, टाचा घट्ट, नजर समोर. पुढे अख्खी नोकरी तिने धावत्या बसमध्ये उभ्याने काढली. बस उधळायची, बाई डुलायची. वाऱ्यात उभं पीक डुलतं तशी, मुळं रोवून जागच्या जागी.

आता तीच कंडक्टरबाई वृद्धनिवासाच्या दालनात चाकांच्या खुर्चीवर बसली होती. पोटावर पट्टा, मनगटावर 'पडण्याचा धोका' सांगणारी पिवळी फीत, पायांत रबरी ठिपक्यांचे मोजे. बुडाखाली एक चपटी गादी. बूड जरा उचललं की गादी बोंबलायची, आणि तीही साधी नाही, बाळाच्या पाळण्यावरच्या खेळण्याची धून वाजवत. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, हे इथल्या लोकांनी फारच मनावर घेतलं होतं.

निवासाच्या दारातच मोठा फलक होता: 'या वर्षी पडण्याच्या घटना: शून्य.' मॅनेजरबाई पाहुण्यांना आधी फलक दाखवत, मग माणसं. शून्य राखायची त्यांची रीत साधी होती. जो चालतच नाही, तो पडणार कुठून? याच न्यायाने पोहणाऱ्यांना पाण्यापासून आणि जेवणाऱ्यांना ठसक्यापासूनही वाचवता आलं असतं. पण मॅनेजरबाई एका वेळी एकच काम हाती घेणाऱ्या होत्या.

दुसरा नियम त्याहून साधा. जो जमिनीवर सापडला, तो पडला. का सापडला, कसा सापडला, ही चौकशी पोलिसांची. आणि फलकावरचं शून्य? ते मोडत नसे. पडलेल्याला कागदावर 'पूर्वीच सावध केलेला' धरत, म्हणजे त्याचं पडणं मोजणीत येत नसे.

कंडक्टरबाई सापडली ती एका दुपारी. तिच्या खोलीत दुसरी खाट शिवणबाईची. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारलेली, दोऱ्यासारखी बारीक, सुईसारख्या जिभेची बाई. दोघींची रोज एक फेरी असे, बागेतल्या बाकापर्यंत. एकीने दुसरीच्या दंडाला धरायचं. कोण कुणाला धरतंय हे मात्र कधी ठरायचं नाही. त्या दुपारी शिवणबाई खाटेवरून उठली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ती पदर गळावा तशी अलगद खाली घसरली. कंडक्टरबाई गुडघे मोडत तिच्याजवळ खाली बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, वारा घातला.

"कुणाला सांगू नकोस," डोळे उघडताच शिवणबाई म्हणाली. "पट्टा लावतील गं मला."

"आधी उठ. मग गुपितं सांग."

खाटेचा कठडा धरून, कंडक्टरबाईच्या खांद्यावर सगळा भार टाकून शिवणबाई उठली आणि आडवी झाली. कंडक्टरबाईला दम लागला होता. म्हटलं, बसू घटकाभर इथेच जमिनीवर. तेवढ्यात चहाची ट्रॉली ढकलत मावशी दारात आली.

"अगंबाई! आजी पडल्या!"

कंडक्टरबाईने खाटेकडे पाहिलं. शिवणबाई छताच्या पंख्याकडे असं टक लावून पाहत होती, जणू तो आत्ताच शोधून काढला असावा. 

"हो," कंडक्टरबाई म्हणाली. "पडले."

संध्याकाळपर्यंत लेक येऊन हजर.

"आई, पडलीस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"तुला माझ्या आधीच कळलं. मी काय सांगणार?"

"थट्टा नको. पट्टा लावलाय ते बरंच झालं. आता मला रात्री झोप तरी लागेल."

"लागू दे बाई. मी पण बसल्या बसल्या तेच करते."

लेकीने आईचे पाय चेपले, कपाळावर हात फिरवला, डोळे पुसले आणि पट्ट्यासाठी सही करून गेली. वाईट नव्हती पोर. भ्यायलेली होती, आणि भ्यायलेल्या माणसाला कुलूप फार आवडतं.

शिवणबाईचं काय? ती आता बागेत एकटी जायची. येताना काहीबाही आणायची: एक पिकलं पान, एखादं पीस, बोंडाला फुटलेला कापूस. गुपचूप कंडक्टरबाईच्या मांडीवर ठेवायची.

"हे काय? हप्ता?"

"घे ना गं."

"घेते. पण बघ हो, एकटी जातेस, मधेच डोळ्यांपुढे..."

"श्श!"

 मग शिवणबाई मशीनवरच्या जुन्या चालीत काहीतरी जुळवायची, तिला तसं बोलायची सवयच होती:

"खुर्ची बाई खुर्ची, चार चाकांची राणी,
पायांनी सोडली गं आपुली कहाणी."

"मेले, गाऊन वर मीठ चोळतेस?" कंडक्टरबाई म्हणायची, आणि दोघीही हसायच्या. हसताना शिवणबाईची नजर मात्र पट्ट्याच्या कडीवर असायची.

बरेच दिवस गेले. पाय पातळ झाले. पोटऱ्यांचं मांस कुठे गेलं कळलं नाही, मोज्यांवरचे ठिपके तेवढे जोमदार राहिले. मग एके सकाळी फिजिओथेरपिस्ट आला. परीक्षा सोपी: खुर्चीतून उठायचं आणि दालनाच्या त्या टोकाच्या खिडकीपर्यंत कुणाचा हात न धरता जायचं. जमलं तर पट्टा सुटणार. नाही जमलं तर वरचा मजला. वरच्या मजल्यावर सगळे खुर्चीत असत. तिथून खाली पायांनी आलेलं कुणी कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

दालनात सगळे जमले. मॅनेजरबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"चला आजी, आज आपण छान छान चालून दाखवायचं हं!"

"तुम्ही पण येणार का?" कंडक्टरबाईने विचारलं.

पट्टा सुटला. ती उठली. गुडघे सैल, टाचा घट्ट, नजर समोर. सगळं आठवलं, पण आठवण डोक्यात होती आणि पाय फार दूर होते. दोन-चार पावलं नीट पडली. मग उजवा गुडघा मेणासारखा वाकला. फिजिओथेरपिस्टने झेलली म्हणून, नाहीतर शून्याचं काही खरं नव्हतं.

"बघा!" मॅनेजरबाई समाधानाने म्हणाल्या. "आम्ही म्हणत होतो ना, धोका आहे म्हणून. किती दिवस बसवून ठेवलं तरी धोका गेला नाही."

फिजिओथेरपिस्टला काहीतरी बोलायचं होतं. पण त्याला पुढच्या निवासात पोचायचं होतं, तिथेही लोक बसून होते. मावशीने कंडक्टरबाईला खुर्चीत टेकवलं. मॅनेजरबाईंनी लेकीला फोन लावायला सांगितलं. दोन माणसं खुर्ची लिफ्टकडे वळवू लागली.  कंडक्टरबाईने मान वळवून आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर.

दाराशी शिवणबाई उभी होती. चौकट धरून. ती चौकट सोडून पुढे आली, डुलत, भिंतीला हात न लावता, आणि खुर्चीच्या पुढच्या चाकासमोर येऊन थांबली.

"आजी, बाजूला व्हा. पडाल."

"पडलेच आहे," शिवणबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला, तिने तो तसाच पुढे ओढला. "त्या दिवशी पडले ती मी. ही माझ्यासाठी खाली बसली होती. परवा न्हाणीघरात पडले, तीही मीच; स्वतःच उठले. तुम्ही ती नवी गोळी सुरू केलीत ना, सकाळची, तेव्हापासून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधार येतो. सांगितलं नाही. पट्ट्याला भ्याले. हिचे पाय गेले तरी भ्याले. सोडा तिला. आणि मला बांधायचं तर बांधा. पण त्याआधी एकदा तरी कुणीतरी विचारा, बाई, तू पडतेस कशाने?"