पेटी उघडल्यावर

समुद्री चाच्यांच्या त्या कार्टून सिनेमातलं एकच दृश्य काढायचं राहिलं होतं. म्हातारा कप्तान तीस वर्षं शोधलेल्या खजिन्याची पेटी उघडतो. ते काकांच्या वाट्याला आलं होतं. स्टुडिओत सगळे त्यांना काकाच म्हणत.

काकांची पद्धत जुनी. टेबलावर आरसा ठेवायचा, पात्राचा अभिनय आपणच करायचा आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. त्यांनी काढलेला पोपटसुद्धा चिडला की थोडा त्यांच्यासारखा दिसे.

पण हे दृश्य दोनदा परत आलं.

"काका, याला खजिना सापडलाय की दाढ दुखतेय?" दिग्दर्शिका म्हणाली. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. "हसवा ना त्याला. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दुसऱ्याला द्यावं लागेल."

"हसवतो गं बाई. तीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलीत त्याने, गाल आखडलेत."

ती गेल्यावर काकांनी आरशात हसून पाहिलं. उसनं हसू, ते कितीसं टिकणार? मग त्यांनी पेन्सिलींचं खोकं पुढ्यात ओढलं आणि खरंच काही घबाड मिळाल्यासारखं झाकण उघडलं. भुवया वर गेल्या, ओठ सुटले आणि मान आपसूक डावीकडे वळली. आरशात नुसता कान उरला.

डावीकडच्या टेबलावर काकू बसायच्या, चित्रांत रंग भरायला. एकवीस वर्षं प्रत्येक जमलेलं चित्र काकांनी आधी त्यांना दाखवलं होतं. त्या जाऊन दोन वर्षं झाली. मानेला मात्र ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी तसंच काढलं.

संध्याकाळी दिग्दर्शिकेने कागदांची चळत भराभर चाळली.

"हा वळून कुणाकडे बघतोय? खलाशी तर केव्हाच सोडून गेलेत."

"कुणाकडेच नाही."

"मग तिथे पोपट बसवू?"

"नको."

"मुलांना कळेल का, काका?"

"त्यांनाच कळेल. वाळूत शिंपला सापडला की पोर आधी काय करतं? हसत नाही. कुणाला दाखवू, म्हणून वळून बघतं. हसू मागून येतं, बघायला कोणी असलं तर."

तिने चळत पुन्हा चाळली, या वेळी सावकाश.

"दोन सेकंद वाढवून देते," ती म्हणाली. "वळल्यावर लगेच फिरवू नका त्याला."

सेकंदाला बारा चित्रं; दोन सेकंद म्हणजे आणखी चोवीस. काकांनी कोरा कागद घेतला. चोवीसही चित्रांत कप्तानाला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बघत राहायचं होतं.